फोटोतलं काळं किती काळं आणि पांढरं किती पांढरं? नवशिक्यांसाठी टोनची सुरुवात

एडिटिंग शिकायला बसलेलं पोरगं पहिला हात घालतं कॉन्ट्रास्टला, मग सॅच्युरेशनला, मग कुठलातरी फिल्टर, आणि दहा मिनिटांत फोटो भडक होतो पण ज्या कारणानं तो मुळात फिका वाटत होता ते कारण तसंच राहतं. बहुतेक वेळा कारण एकच असतं, फोटोतल्या काळ्या वस्तूला काळं मिळालेलं नसतं आणि पांढऱ्या वस्तूला पांढरं मिळालेलं नसतं. ही दोन टोकं जागेवर बसली की निम्म्याहून जास्त काम तिथंच संपतं. म्हणून इथं फक्त या दोन टोकांबद्दल बोलूया, आणि उदाहरणं घेऊया आपल्याच भागातली, बेळगाव, खानापूर, गोकाक, वडगाव अशी, कारण परदेशातल्या बर्फाच्या डोंगरावर शिकलेलं आपल्या पावसाळी फोटोला लावायला गेलं की घोळ होतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. यूट्यूबवर बरेच जण शिकवतात की हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत भरला म्हणजे फोटो बरोबर. मला हे अजिबात पटत नाही. आधी फोटोकडं बघून ठरवायचं की यातली सगळ्यात काळी वस्तू कुठली, सगळ्यात पांढरी कुठली, आणि त्या खरंच पूर्ण काळ्या आणि पूर्ण पांढऱ्या दिसायला पाहिजेत का. स्लायडरला हात त्याच्यानंतर.

० ते २५५, एवढीच मोजपट्टी

साध्या जेपीजी फोटोत प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे असतात, लाल, हिरवा आणि निळा, आणि प्रत्येक आकडा ० ते २५५ च्या मध्ये कुठंतरी. तिन्ही ० म्हणजे ठार काळं, तिन्ही २५५ म्हणजे स्क्रीन जितकं पांढरं दाखवू शकते तितकं पांढरं. मधे २५४ पायऱ्या. या सगळ्या मिळून २५६ पायऱ्यांच्या जिन्याला टोनल स्केल म्हणतात. टोन म्हणजे या जिन्यावरची एखादी छटा. ब्लॅक पॉइंट म्हणजे फोटोतला कुठला टोन तुम्ही ० वर नेऊन बसवता तो, आणि व्हाइट पॉइंट म्हणजे कुठला टोन २५५ वर नेता तो. बास, व्याख्या एवढीच.

ही मोजपट्टी डोळ्यांनी ओळखता यावी म्हणून एक सराव जरूर करा. गिंप नावाचं फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाका, एक कोरं पान उघडा, त्यावर उभे पट्टे ओढा आणि रंग भरताना तिन्ही आकडे सारखे ठेवून ०, ५, १०, १५, २०, ३० असे भरा, दुसऱ्या बाजूला २३०, २४०, २४५, २५०, २५५ असे भरा. आता लांबून बघा की तुमच्या स्क्रीनवर कुठला पट्टा कुठल्या पट्ट्यापासून वेगळा दिसतो. बऱ्याच स्वस्त लॅपटॉपवर ० आणि १० एकच दिसतात, स्क्रीन जरा मागं झुकवली तर लगेच वेगळे दिसायला लागतात. तुमची स्क्रीन कुठं खोटं बोलते हे एकदा कळलं की पुढं त्या भागात डोळ्यांऐवजी आकड्यांवर भरवसा ठेवायचा.

एडिटिंगला बसताना ऑटो ब्राइटनेस बंद, ते पिवळट करणारं नाईट मोड बंद, ब्राइटनेस साधारण निम्म्यावर. प्रिंटसाठी काम करणारे लोक मॉनिटर साधारण १०० ते १२० निट्सवर (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) ठेवतात, आणि आपला फोन उन्हात याच्या कितीतरी पट जास्त उजळतो. पूर्ण ब्राइटनेसवर एडिट केलेला फोटो लॅबमधून काळपट येतो आणि मग शिव्या लॅबवाल्याला बसतात, त्याचं मूळ इथं असतं. उन्हात गाडीवर बसून एडिट करू नका.

हिस्टोग्राम वाचायचा कसा

हिस्टोग्राम म्हणजे त्या २५६ पायऱ्यांवर किती किती पिक्सेल उभे आहेत त्याची गर्दी. डावीकडं गडद, उजवीकडं उजळ, मधे मधले टोन. डोंगर उंच म्हणजे त्या टोनचे पिक्सेल जास्त, उंचीला चांगलं वाईट काही नसतं. बघायच्या दोनच गोष्टी. एक, डोंगर दोन्ही भिंतींच्या किती आधी संपतो. दोन, भिंतीला चिकटून सुळका उभा राहिलाय का. आधी संपत असेल तर फोटो बहुतेक फिका दिसणार. सुळका असेल तर तिथली माहिती कापली गेलीय, याला क्लिपिंग म्हणतात, आणि जेपीजीमध्ये एकदा कापली गेली की कुठलाही स्लायडर ती परत आणत नाही, फक्त त्या जागी सपाट राखाडी ठिगळ दिसतं.

कॅमेरा काळ्या साडीला राखाडी का करतो

वडगाव, खासबाग, शहापूर भागात साड्यांचा धंदा करणारी कितीतरी घरं आहेत आणि आता सगळा माल व्हॉट्सअॅपवर दाखवून विकतात. त्यांचा नेहमीचा प्रश्न, "साडी काळीभोर हाय की वो, फोटोत राखाडी का दिसूलालीय?" तर ऐका. कॅमेऱ्याचं मीटर समोर काय वस्तू आहे ते ओळखत नाही, त्याला फक्त येणारा उजेड कळतो, आणि तो समोरचं सगळं मिळून मध्यम राखाडी व्हावं असा हिशोब लावतो. ही मध्यम राखाडी म्हणजे साधारण १८ टक्के उजेड परत फेकणारी, जेपीजीत तिचा आकडा ११८ च्या आसपास येतो. फ्रेमभर काळी चंद्रकळा पसरली की कॅमेरा तिला वर ओढून राखाडी करतो, आणि फ्रेमभर पांढरं धोतर पसरलं तर त्यालाही खाली ओढून राखाडीच करतो. आताचे फोन जरा हुशार झालेत, चेहरा बिहरा ओळखतात, तरी नुसत्या कापडावर अजूनही फसतात.

म्हणून काढतानाच काळ्या वस्तूला एक्स्पोजर थोडं खाली घ्या, पांढऱ्याला थोडं वर. फोनवर बोट टेकवून शेजारचा सूर्य खाली-वर सरकवला की तेच होतं.

मग एडिटिंगमध्ये ब्लॅक पॉइंट. इथं नवीन माणूस साडीलाच ० वर नेऊन ठेवतो. रेशमाची काळी साडी खऱ्या आयुष्यात पण ठार काळी नसते, तिच्यावर उजेड लोळतो, घडीच्या कडेला चमक येते, विणीचा पोत दिसतो, आणि गिऱ्हाईक तोच पोत बघून साडी घेतं. ० व्हायला पाहिजे ती घडीच्या आतली सावली, जिथं बोट घातलं तरी उजेड पोचत नाही ती जागा. साडीचा पदर १५ ते ३० च्या मध्ये ठेवला की काळा काळाच दिसतो आणि वीणही शाबूत राहते. हा फरक डोळ्यात बसला की टोनचं अर्धं शिक्षण झालं असं मी धरतो.

आता प्रत्यक्ष लेव्हल्स, पायरी पायरीनं

समजा तुम्ही बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीचा, म्हणजे तिथल्या जुन्या जैन मंदिराचा, फोटो काढलाय. १२०४ सालची बस्ती, रट्ट राजांच्या काळातली, आतले घोटीव काळसर दगडाचे खांब, छताला ते कोरीव कमळ, आणि बाहेरून दारातनं येणारा कडक उजेड. टोन शिकायला यापेक्षा चांगली जागा बेळगावात नाही, कारण एकाच फ्रेममध्ये काळा दगड, मधली सावली आणि उन्हात तापलेलं अंगण सगळं मिळतं. दाराच्या विरुद्ध दिशेला तोंड करून, अंगण फ्रेमबाहेर ठेवून काढलेला फोटो घ्या. तो हमखास फिका येतो, काळा दगड धुळीनं माखल्यासारखा दिसतो.

ही दोन टोकं बसवायचं साधन म्हणजे लेव्हल्स. फोटोशॉपमध्ये कंट्रोल आणि एल दाबा, गिंपमध्ये रंगांच्या मेन्यूत लेव्हल्स आहे. हिस्टोग्रामच्या खाली तीन त्रिकोण दिसतील, काळा, राखाडी, पांढरा. समजा डोंगर ३८ ला सुरू होतो आणि २२१ ला संपतो. म्हणजे ० ते ३७ आणि २२२ ते २५५ या पायऱ्यांवर कुणीच नाही, जिन्याची दोन्ही टोकं रिकामी.

काळा त्रिकोण उजवीकडं सरकवत ३८ च्या आसपास आणा. फोटोशॉपमध्ये हे करताना ऑल्ट दाबून धरा, सगळी स्क्रीन पांढरी होते आणि जिथं जिथं काळं कापलं जातंय तिथं ठिपके उमटतात. ठिपके कुठं उमटतात ते नीट बघा, हीच खरी कसोटी. खांबांच्या मागच्या कोपऱ्यात, कोरीवकामाच्या खोल खाचांत आले तर उत्तम. खांबाच्या अंगावर पसरायला लागले तर मागं घ्या. मग पांढरा त्रिकोण डावीकडं आणा, आता ऑल्ट दाबलं की स्क्रीन काळी होते आणि कापलं जाणारं पांढरं चमकतं. खांबाच्या घोटीव कडेवरची एखाद-दुसरी चमक आली की थांबा.

आत काय झालं ते गणितानं बघा, अवघड नाही. मूळ आकड्यातनं ३८ वजा करायचे, उरलेल्याला १८३ नं भागायचं, २५५ नं गुणायचं. ७० चा टोन ४५ झाला, १३० चा १२८, म्हणजे जवळजवळ जागेवरच, आणि १८० चा १९८. सावली खाली गेली, उजेड वर गेला, मधला टोन हलला नाही. ७० आणि १८० मधलं अंतर ११० होतं ते १५३ झालं. दगडावरची धूळ उडाल्यासारखं वाटतं ते यामुळं, आणि कॉन्ट्रास्टच्या स्लायडरला तुम्ही अजून हातही लावलेला नाही.

शेवटी मधला राखाडी त्रिकोण. तो १.०० वर असतो, डावीकडं नेला की मधले टोन उजळतात, उजवीकडं नेला की गडद होतात, टोकं जागेवरच राहतात. याला शेवटीच हात लावायचा, टोकं ठरायच्या आधी मध्य हलवत बसलं की तेच काम दोनदा होतं.

सगळ्यात काळी जागा कुठली ते डोळ्यांना कळत नसेल तर थ्रेशोल्डचा उपाय आहे. हे साधन फोटो नुसत्या काळ्या-पांढऱ्यात दाखवतं. थ्रेशोल्ड उघडा, स्लायडर पूर्ण डावीकडं नेऊन हळूहळू उजवीकडं आणा, जो काळा ठिपका पहिला दिसतो ती फोटोतली सगळ्यात काळी जागा. उलट बाजूनं केलं की सगळ्यात पांढरी. बघून झालं की कॅन्सल करा.

फक्त फोन असेल तर

फोनमधल्या लाइटरूम या एडिटिंग अॅपमध्ये लाइटच्या भागात व्हाइट्स आणि ब्लॅक्स असे दोन स्लायडर आहेत, तेच आपले दोन टोकं. हायलाइट्स आणि शॅडोज वेगळे, ते टोकांच्या जरा आतल्या भागावर काम करतात, लोक या चौघांची गल्लत करतात. माझा क्रम असा, आधी एक्स्पोजर ढोबळमानानं, मग व्हाइट्स आणि ब्लॅक्स, मग गरज लागली तर हायलाइट्स-शॅडोज, आणि त्यानंतर बहुतेक वेळा कॉन्ट्रास्टची गरजच उरत नाही. कॉम्प्युटरवरच्या लाइटरूममध्ये जे चं बटण दाबलं की कापलेलं काळं निळ्या रंगात आणि कापलेलं पांढरं लाल रंगात दिसतं, आणि शिफ्ट धरून व्हाइट्स किंवा ब्लॅक्स या शब्दावर डबल क्लिक केलं की सॉफ्टवेअर स्वतः टोक शोधून देतं. तो आकडा सुरुवात म्हणून घ्या, निकाल म्हणून घेऊ नका.

स्नॅपसीड या दुसऱ्या अॅपमध्ये कर्व्ह्ज उघडा. तिरक्या रेषेचं खालचं डावं टोक तळाशी धरूनच उजवीकडं सरकवलं की ब्लॅक पॉइंट, वरचं उजवं टोक डावीकडं सरकवलं की व्हाइट पॉइंट. तेच डावं टोक वर उचललं तर काळं राखाडी होतं, तो जुन्या अल्बमसारखा धुरकट लूक, लग्नाच्या फोटोत हल्ली फार चालतो. मला स्वतःला तो आवडत नाही, नऊवारीच्या हिरव्या रंगाची जान जाते.

कुठलं पांढरं सोडून द्यायचं

सगळं पांढरं वाचवायची धडपड करू नका. दोन प्रकारचं पांढरं असतं. एक म्हणजे उजेडाचं थेट प्रतिबिंब किंवा उजेड स्वतः, पितळेच्या समईवरची चमक, पाण्यावरचा सूर्य, ट्यूबलाइट, गाडीचा हेडलाइट. हे २५५ ला गेलेच पाहिजेत, ते २३० वर राखाडी करून ठेवले तर चमक मरते. दुसरं म्हणजे पांढऱ्या रंगाची वस्तू, धोतर, टोपी, हलगा इथल्या सुवर्ण विधानसौधची भिंत, मोगऱ्याचा गजरा. यांना पोत असतो, म्हणून यांचा सगळ्यात उजळ भाग २३५ ते २४५ च्या आसपास थांबवायचा. गजरा २५५ झाला की फुलं जाऊन कापसाचा बोळा उरतो.

पावसाळ्यातलं आपलं आभाळ तिसराच प्रकार. जून ते सप्टेंबर पांढरंधोट, ढगांना आकार नाही. शेतात रोपलावणी चालू आहे, बायका चिखलात वाकल्यात, आणि वर कोरं पांढरं. तिथं पोत वाचवायला काही नसतंच, तरी मी आभाळ २४५ च्या वर जाऊ देत नाही, कारण फोटो पांढऱ्या पानावर ठेवला की वरची कड दिसेनाशी होते आणि फोटो पानात विरघळतो.

दुकानासाठी कुंद्याचा, आपल्या बेळगावच्या मिठाईचा, फोटो काढणाऱ्यांना एक सल्ला. कुंदा सगळा तपकिरी, त्यात ना काळं ना पांढरं, त्यामुळं ऑटो बटण कुंद्यालाच ताणतं आणि तो जळकट नाहीतर केशरी दिसतो. पांढऱ्या ताटलीत ठेवा. ताटलीची कड व्हाइट पॉइंटला, ताटलीखालची सावली ब्लॅक पॉइंटला, आणि कुंदा आपोआप आपल्या रंगावर येतो.

जिथं टोकं भिडवायचीच नाहीत

खानापूर सोडून जांबोटी, कणकुंबीकडं, मलप्रभा उगम पावते त्या भागात, पावसाळ्यात सकाळी गेलात तर धुक्यात झाडं एकामागं एक फिकट होत जातात. त्या फोटोचा हिस्टोग्राम बघा, सगळी गर्दी मधे, समजा ११० ते २१५. ऑटो दाबलं की सॉफ्टवेअर ११० ला ० करतं आणि २१५ ला २५५, आणि धुकं गायब, मागं उरतात काळी खरबरीत झाडं. सॉफ्टवेअरच्या डोक्यात प्रत्येक फोटोत काळं आणि पांढरं असलंच पाहिजे असं बसलेलं असतं. धुक्यात काळं नसतंच, म्हणून तर ते धुकं. तिथं फक्त सगळ्यात जवळचं झाड ४०-५० पर्यंत खाली न्या, बाकीच्यांना आपापल्या अंतरावर फिकट राहू द्या, पांढरं टोक २३० ला थांबवा. दूरचं झाड फिकट आणि जवळचं गडद, एवढ्यावरच त्या फोटोतली खोली उभी असते.

गोकाकचा धबधबा. घटप्रभा तिथं साधारण ५२ मीटर खाली कोसळते, आणि भर पावसात ते पाणी गढूळ, लालसर असतं. लोकांच्या डोक्यात धबधबा म्हणजे पांढरा, म्हणून व्हाइट्स ओढत ओढत पाणी पांढरं करतात, आणि शेजारची झुलत्या पुलाची बाजू, आभाळ सगळं उडून जातं. पाणी मातकट आहे तर मातकट ठेवा की, आपल्या मातीचाच रंग आहे तो. व्हाइट पॉइंट घ्या खालून उठणाऱ्या तुषारांवर.

रात्रीची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक याच्या बरोबर उलटी. फ्रेमचा मोठा भाग काळं आभाळ आणि अंधारातली घरं, हिस्टोग्राम डाव्या भिंतीला चिकटलेला, आणि ते बरोबर आहे. शॅडोज ओढून रात्रीची दुपार करू नका, अंधारात लपलेला नॉइज, म्हणजे दाणेदार खरखर, तेवढा वर येतो. इथं आभाळ खुशाल ० वर राहू दे, सगळं लक्ष चित्ररथावरच्या चेहऱ्यांकडं द्या.

चेहरा

अॅन्सेल अॅडम्स आणि फ्रेड आर्चर या दोघा अमेरिकन फोटोग्राफरांनी १९३९-४० च्या सुमारास झोन सिस्टिम मांडली, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ० ते १० असे ११ झोन. ५ म्हणजे मधली राखाडी, ३ म्हणजे गडद पण पोत दिसणारं, ७ म्हणजे उजळ पण पोत शाबूत. ती फिल्मसाठी केलेली पद्धत आहे, पण विचार करायची रीत म्हणून आजही एक नंबर. अमेरिकन पुस्तकांत गोऱ्या माणसाची त्वचा ६ व्या झोनला ठेवायला सांगतात. आपल्याकडच्या गव्हाळ, सावळ्या चेहऱ्यांचा उजेडातला भाग ५ च्या आसपास नैसर्गिक दिसतो, काही चेहरे त्याच्याही खाली.

आणि हे मी अगदी मनापासून सांगतो, व्हाइट पॉइंट ओढून सावळा माणूस गोरा करू नका. नवरी सावळी असेल तर ती फोटोतही सावळी आणि देखणी दिसली पाहिजे, ते दिसतं ते डोळ्यांतल्या चमकेमुळं, केसांच्या काळ्यामुळं आणि गजऱ्याच्या पांढऱ्यामुळं. केसांतल्या खोल सावलीला ब्लॅक पॉइंट दिला आणि फुलांचा सगळ्यात उजळ भाग वर सांगितल्यासारखा २४५ च्या आसपास ठेवला की मधला चेहरा स्वतःच उठून येतो, त्याला वेगळं उजळायची गरज पडत नाही.

रंगांची टोकं वेगळी असतात

एकूण उजेडाचा हिस्टोग्राम ठीक दिसतो तरी आत एखादा रंग कापला गेलेला असतो, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही. भगवा फेटा घ्या. त्यात लाल चॅनेल २५५ ला टेकलेला, हिरवा मधे, निळा तळाला. एकूण उजेड मध्यम वाटतो, पण लाल संपलेला असतो आणि फेट्याच्या घड्या दिसेनाशा होतात. विसर्जनाच्या गुलालाचं तेच, एलईडीच्या जांभळ्या-निळ्या उजेडाचं तर विचारूच नका. म्हणून हिस्टोग्राममध्ये तिन्ही रंग वेगवेगळे दाखवायचा पर्याय चालू ठेवा. लाल भिंतीला लागला असेल तर व्हाइट्स थोडे खाली घ्या, सॅच्युरेशन कमी करा, घड्या परत येतील, अर्थात मूळ फाइलमध्ये असतील तरच.

लेव्हल्समध्ये रंग उचलायच्या तीन पिचकाऱ्या (आयड्रॉपर) असतात, काळी, राखाडी, पांढरी. काळी पिचकारी एखाद्या जागी दाबली की ती जागा तिन्ही रंगांत ० होते, त्यामुळं सावलीतली निळी-हिरवी झाक पण निघते. सोय चांगली, पण दाबताना ती जागा खरंच रंगहीन पाहिजे. गडद मरून साडीवर दाबलीत तर सगळ्या फोटोतला लाल खाली बसतो.

ताणायला माल किती आहे

आपल्या कमल बस्तीच्या फोटोत ३८ ते २२१ मिळून १८४ पायऱ्या होत्या. त्या रबरासारख्या ताणून २५६ वर पसरवल्या, नवीन पायऱ्या काही तयार झाल्या नाहीत, मधे ७२ पायऱ्या रिकाम्या पडल्या. हिस्टोग्राम मग कंगव्यासारखा दातेरी दिसतो. दगडावर, झाडावर हे कळत नाही, पण संध्याकाळच्या आभाळात पट्टे पडतात. म्हणून जिथं जमेल तिथं रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ न दाबलेल्या फाइलमध्ये, काढा, १२ बिट रॉ मध्ये प्रत्येक रंगाच्या ४०९६ पायऱ्या असतात आणि १४ बिटमध्ये १६,३८४. त्यातही एक मेख आहे, सगळ्यात उजळ एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) एकटाच निम्म्या पायऱ्या खातो, त्याखालचा उरलेल्याच्या निम्म्या, असं करत सावलीपर्यंत थोड्याच शिल्लक राहतात. अंधारात काढून नंतर उचललेला फोटो खराब का होतो त्याचं एक कारण हे. पांढरं न कापता जितका उजळ काढता येईल तितका काढा.

जेपीजीच असेल तर एकाच जेपीजीवर पुन्हा पुन्हा लेव्हल्स मारून सेव्ह करू नका. मूळ फाइल बाजूला ठेवा, दर वेळी तिच्यापासून सुरू करा.

कागदावर आणि व्हॉट्सअॅपवर

कागदाला स्वतःचं काळं आणि पांढरं असतं. कागदाचा पांढरा म्हणजे शाई नसलेला कोरा कागद, त्याच्यापेक्षा पांढरं प्रिंटमध्ये होत नाही, आणि चेहऱ्यावर २५५ चा डाग असेल तर तिथं कागद उघडा पडतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते, सावल्या भरून जातात, म्हणून बातमीसाठी फोटो देताना लेव्हल्सच्या खालच्या पट्टीत, म्हणजे आउटपुटमध्ये, ० च्या जागी १० ते १५ करा आणि मधले टोन जरा उजळ ठेवा. ग्लॉसी प्रिंटला याची गरज नाही, मॅटला थोडी आहे. पहिल्यांदा एखाद्या लॅबमध्ये देताना मोठं एन्लार्जमेंट थेट करू नका. एकाच फोटोच्या मधल्या टोनच्या तीन आवृत्त्या करा, लहान आकारात काढून घ्या, दिवसाउजेडी खिडकीपाशी ठेवून बघा आणि जी बरोबर वाटते तिचे आकडे वहीत लिहून ठेवा, त्या लॅबसाठी पुढं तेच चालतात.

व्हॉट्सअॅप फोटो दाबून पाठवतं, त्यात गडद भागातला बारीक पोत आधी जातो. साडीचा किंवा काळ्या दगडाचा फोटो पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि तसं जमणार नसेल तर काळं टोक पाच-दहा आकडे वर ठेवूनच पाठवा. पाठवायच्या आधी एकदा दुसऱ्या कुणाच्यातरी साध्या फोनवर उघडून बघा, पदराची वीण तिथं दिसली तर गिऱ्हाइकाच्या फोनवरही दिसायला हरकत नाही.